दारातच सांगायची एक ओळ

वाद्यदुरुस्तीच्या त्या कारखान्यात मेलचा सर्व्हर कपाटात ठेवलेला होता, पॉलिशच्या फडक्यांच्या वरच्या कप्प्यात. सर्व्हर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे थंडगार खोली आणि लुकलुकणारे निळे दिवे येतात. इथे एक जुना काळा डबा होता, त्याचा पंखा दिवसभर घुरघुरायचा, आणि खालच्या कप्प्यात पितळ पुसून पुसून काळी पडलेली फडकी. नवं कोणी आलं की विचारायचं, कपाटात मांजर आहे का हो?

या डब्याची मालकीण म्हणजे घरची सून. लग्नाआधी ती एका मोठ्या कंपनीत अख्ख्या कंपनीची मेल सांभाळायची. लग्नानंतर नोकरी सुटली, पण खोड काही सुटली नाही. आपल्या घरची मेल आपल्याच घरात राहिली पाहिजे, असा तिचा बाणा होता. नवऱ्याला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तो दिवसभर सॅक्सोफोनचे पोचे काढायचा, ट्रम्पेटचे अडकलेले दट्टे सोडवायचा, आणि मेल आली की आली, गेली की गेली, एवढंच त्याला ठाऊक. कारागीर त्याला मालक म्हणायचे. त्याची आई मात्र चारचौघांतही बाळ्या म्हणायची, आणि टक्कल पडलेल्या त्या धिप्पाड माणसाने ते केव्हाच मुकाट्याने पत्करलेलं होतं.

ही आई, म्हणजे सुनेची सासू, सगळ्या गावाची काकू होती. अर्ध्या आयुष्यात तिने क्लॅरिनेटची पॅडं बसवली. पॅड म्हणजे बोटाएवढी मऊ गादी, ती वाद्याच्या भोकावर अशी बसली पाहिजे की फुंकर सुटायची नाही. काकूच्या हातची पॅडं सुटत नसत. मग तिची बोटं आखडायला लागली. आधी बारीक पॅडं सुटली, मग मोठी, मग स्क्रूड्रायव्हरच हातातून सटकायला लागला. एक दिवस तिने अवजारं पुसून पेटीत ठेवली आणि घरी गेली. नंतर कितीतरी दिवस ती कारखान्यात आलीच नाही, आणि घरात तिने सुनेला वीट आणला. डबे उतरव, डबे लाव, पडदे काढ, पडदे धू. शेवटी सुनेनेच खिडकीपाशी एक टेबल मांडलं, त्यावर कॉम्प्युटर ठेवला आणि म्हणाली, "आई, गिऱ्हाइकांना उत्तरं तुम्ही द्या. मला वेळ होत नाही."

वेळ होत नाही हे धादांत खोटं होतं, आणि सासूलाही ते कळलं. पण दोन बोटांनी टकटक करत ती बसली ती बसलीच. त्या टेबलावर तिचा चष्मा आला, शाल आली, पाण्याचा तांब्या आला. महिन्याभरात गिऱ्हाईक आत आलं की मालकाकडे न बघता आधी खिडकीकडे बघू लागलं.

सगळं असं छान चाललेलं असताना एका सकाळी एक ट्रम्पेटवाला फणफणत आला.

"माझं वाद्य तयार होऊन इतके दिवस झाले, आणि तुम्ही कळवत नाही?"

"कळवलं की!" काकू म्हणाली. "मी स्वतः लिहिलं."

त्याने मोबाइल पुढे केला. मेल कुठेच नव्हती. मग दुसरा आला, मग तिसऱ्याचा फोन आला. काहींची मेल स्पॅमच्या कचऱ्यात सापडली, काहींची पोचलीच नव्हती. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे शाळेच्या बँडच्या बाई. दरवर्षी सुट्टी संपायच्या आधी त्यांची मेल यायची आणि मागोमाग बँडची सगळी वाद्यं यायची. यंदा बाईंचा पत्ताच नव्हता.

"दुसरीकडे गेल्या," नवरा म्हणाला. तो चिडलेला नव्हता, खट्टू झाला होता, आणि ते जास्त वाईट. संध्याकाळी कारागीर गेल्यावर तो हात पुसत सुनेपाशी आला. "हे बघ, तुझा तो डबा आता पुरे. मेल त्या मोठ्या कंपनीला देऊन टाकू. सगळ्यांची त्यांच्याकडेच असते. माझ्या फोनवर येईल, मीच देईन उत्तरं."

"आणि आई?"

"आईने आता आराम करावा. घरी." त्याने खिडकीकडे पाहिलं. "पॉलिशचं नवं मशीन येतंय, ते ठेवायलाही जागा नाही. टेबल हललं की तिथे बरोबर बसेल."

त्याच्या मनात काळंबेरं काही नव्हतं. आईला आराम मिळावा असं त्याला खरंच वाटत होतं. पण तो आराम काय असतो ते सुनेने पाहिलं होतं. आराम म्हणजे ते डबे आणि ते पडदे, आणि दुपारभर स्वतःच्या बोटांकडे बघत बसलेली सासू.

"मशीन येईपर्यंत मला वेळ दे," ती म्हणाली. "तोवर मेल सुरळीत झाली नाही तर तू म्हणशील तसं."

"मशीन येईपर्यंत," नवरा म्हणाला, आणि तो शब्दाचा पक्का होता, हीच पंचाईत होती.

दुसऱ्या दिवशी सून कामाला लागली. मेल का पोचत नाही हे कळायला वेळ लागला नाही. जगात स्पॅम पाठवणाऱ्या सर्व्हरांच्या काळ्या याद्या ठेवणारे लोक असतात. ज्याचं नाव त्या यादीत लागतं, त्याची मेल कोणी घरात घेत नाही. त्यांच्या डब्याचं नाव यादीत लागलं होतं. चोर नाही, दरोडेखोर नाही, पितळ घासून पोट भरणारा कारखाना, आणि त्याचं नाव बदमाशांच्या यादीत! तिला इतका राग आला की तिने कपाटाचं दार आपटलं आणि दोन फडकी खाली पडली.

आता असं होतं ते बहुतेक एकाच कारणाने. सर्व्हर उघडा राहिला की परका माणूस त्याच्याकडून परक्याला मेल पाठवून घेतो. याला रिले म्हणतात. माल त्याचा, घेणारा कोणीतरी तिसराच, आणि वाहतूक मात्र आपल्या गाडीतून. स्पॅमवाले अशा उघड्या गाड्यांच्या शोधातच असतात. पण ही गाडी तिने पहिल्याच दिवशी कुलूपबंद केली होती. बाहेरच्याला पासवर्डाशिवाय एक मेलसुद्धा पुढे पाठवता येत नव्हती. बाकावर थांबणाऱ्या गिऱ्हाइकांच्या वायफायची लाइन वेगळी केली होती. नवऱ्याचा पासवर्ड 'बाळ्या' होता, तोही तिने बदलून टाकला होता, आणि त्यावरून तो आठवडाभर फुगून बसला होता.

तरी तिने सगळं पुन्हा तपासलं. मग दुसऱ्या गावी राहणाऱ्या भावाला फोन लावला, कारण घरातल्या घरात तपासून काही कळत नाही. घरच्या माणसाला डबा ओळखतो आणि वाट देतो.

"दादा, आमच्या सर्व्हरवरून कोणातरी परक्याला मेल पाठवून बघ. तुला जमेल त्या सगळ्या युक्त्या कर."

"चोरी करायला सांगतेस होय?"

"हो. आणि नीट कर, कुचराई नको."

दादा खुशीने कामाला लागला. तासाभराने त्याचा फोन आला. "तुझ्या डब्याने मला हुंगूनसुद्धा पाहिलं नाही. दारातूनच हाकललं. त्याला जेवायला काय घालतेस?"

सुनेला आनंद व्हावा की रडू यावं ते कळेना. दार घट्ट बंद, कड्या जागच्या जागी, आणि बदनामी चालूच. तिने यादीवाल्यांना लिहिलं, आमचं दार बंद आहे, नाव काढा. त्यांनी काढलं. दुसऱ्या दिवशी नाव परत यादीत. पुन्हा लिहिलं, पुन्हा काढलं, पुन्हा लागलं. तिसऱ्या वेळी पलीकडच्या माणसाने जरा तुसडेपणानेच उत्तर दिलं, की बाई, ज्यांनी तुम्हाला कधी काही लिहिलं नाही अशा माणसांना तुमच्याकडून मेल जाते आहे, आधी ती थांबवा.

दुपारी कारखान्यात जरा शांतता असते. कारागीर जेवून पेंगुळलेले, कोणीतरी हळूच एखाद्या बासरीत फुंकर मारून बघतंय, आणि खिडकीपाशी काकूची टकटक. सून चहाचा कप घेऊन कपाटासमोर स्टुलावर बसली आणि विचार करू लागली. इतके दिवस ती दारं खिडक्या बघत होती, आत कोण घुसतंय ते शोधत होती. आता तिने पहिल्यांदाच, घरातून बाहेर काय जातंय ते पाहायला घेतलं. डबा त्याची नोंद ठेवतोच.

ओळींमागून ओळी सरकत गेल्या. हजारो मेल, कुठल्या कुठल्या देशांत गेलेल्या. आणि सगळ्यांचा विषय एकच, 'आपल्या पत्राबद्दल, आपुलकीने'.

तिने चहाचा कप खाली ठेवला. हा विषय कोणी लिहिला ते तिला माहीत होतं. तिच्याच समोर लिहिला होता.

झालं होतं असं. काकू टेबलावर बसायला लागली त्या आठवड्यातली गोष्ट. एक गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं, की मी उस्तादांना मेल केली तर तुमच्या मशीनने ती फेकून दिली. उस्ताद म्हणजे जुने कारागीर, मुलीकडे राहायला गेलेले. ते गेल्यावर त्यांचा पत्ता सुनेने बंद केला होता. काकूला हे ऐकून फार लागलं. "आपल्या दुकानातून कोणी कधी शब्दाशिवाय परत गेलं नाही," ती म्हणाली. "माणूस चुकीच्या नावाने हाक मारेल, पण आलाय तर आपल्याकडेच ना? त्याला ये म्हणायचं, बसवायचं, मग सांगायचं. सूनबाई, कोणाचंही पत्र परत पाठवायचं नाही." आणि सुनेने, जिने मोठ्या कंपनीत असताना असलं काही करणाऱ्याला उभं जाळलं असतं तिने, सासूच्या चेहऱ्याकडे बघून मान डोलावली. कारखान्याच्या पत्त्यावर कुठल्याही नावाने मेल आली तरी डबा ती घेईल, आणि त्या नावाचं कोणी नसेल तर पत्र नुसतं बाजूला ठेवून आपणहून उत्तर पाठवील. ते उत्तर काकूने दोन दिवस बसून लिहिलं होतं.

'आपलं पत्र मिळालं, आनंद वाटला. आपण लिहिलेल्या नावाचं आमच्याकडे सध्या कोणी नाही, याचं वाईट वाटतं. पण वाद्य बिघडलं असेल तर मुळीच काळजी करू नये. घरी सगळे बरे असतील. आपली, काकू.'

आता स्पॅमवाला काय करतो? तो मनाला येतील ती नावं घालून मेल फेकत सुटतो, लागलं तर लागलं. आणि पाठवणाऱ्याच्या जागी स्वतःचं नाव घालायला तो काही खुळा नाही, तो तिथे भलत्याच कोणाचं तरी चोरलेलं नाव घालतो. दुसऱ्या डब्यांनी ही मेल दारातच झिडकारली असती. यांचा डबा मात्र तिला आत घ्यायचा, बसवायचा, आणि मग ज्याचं नाव चोरलं होतं त्या बिचाऱ्याला आपुलकीने लिहायचा, की तुमचं पत्र मिळालं, आनंद वाटला. रात्रंदिवस. जगभर. दाराला कुलपं लावणारीनेच मागची खिडकी उघडून दिली होती, आणि तिच्यातून चोर आत आला नव्हता, काकूचा चांगुलपणा बाहेर सांडत होता.

सुनेला आधी हसू आलं. मग तिने खिडकीकडे पाहिलं आणि हसू विरलं. हे सांगायचं कसं?

"अगं, इकडे ये," काकूनेच हाक मारली. तिचा चेहरा खुलला होता. "हे वाच. कुठला तरी पाववाला आहे, लांबचा."

सुनेने वाचलं. 'बाई, मी तुम्हाला काही लिहिलं नव्हतं. माझ्याकडे वाद्यही नाही, पावाची भट्टी आहे. पण घरी सगळे बरे आहेत, विचारल्याबद्दल आभार. खूप दिवसांत कोणी विचारलं नव्हतं.'

"किती माणसं लिहितात गं हल्ली," काकू म्हणाली. "काही जण रागावतात. हा एक बघ, पुन्हा लिहिलंत तर तक्रार करीन म्हणतो. घाईत असेल बिचारा. मी त्याला परत नीट समजावून लिहिलं."

सुनेने कपाळाला हात लावला. मग स्टूल ओढलं, सासूच्या शेजारी बसली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. यादी, चोरलेली नावं, ते उत्तर, सगळं. काही झाकलं नाही आणि काही गोड केलं नाही, कारण सासूला गोड केलेलं लगेच कळायचं.

काकूने चष्मा काढला. बराच वेळ ती काचा शालीने पुसत राहिली.

"म्हणजे बँडच्या बाई गेल्या त्या माझ्यामुळे."

"आपल्या दोघींमुळे. कळ मी दाबली होती."

"बाळ्याला माहीत आहे?"

"अजून नाही."

"मग सांगून टाक." काकूने चष्मा डबीत ठेवला आणि डबी बंद केली. "आणि टेबल देऊन टाक त्याला मशीनसाठी. बोटं गेली तेव्हाच कळायला हवं होतं मला. मी नाही बसत आता इथे."

रडू यायला लागलं की सुनेला राग यायचा, तसा तो आला. "वा! आठवडाभर त्या डब्यात डोकं खुपसून बसलेय ती कशासाठी? तुमचं टेबल जाऊ नये म्हणून! आणि तुम्ही बसल्या बसल्या देऊन टाकता?"

"माझ्या टेबलासाठी?" काकू चकित झाली. "मला वाटलं, डब्यासाठी."

"डबा गेला खड्ड्यात!"

पलीकडे पेंगुळलेला कारागीर दचकून जागा झाला. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या, आणि आधी कोण हसली ते सांगता येणार नाही. काकूने सुनेच्या मनगटावर आपली आखडलेली बोटं ठेवली. तसं ती सहसा करत नसे. सुनेला त्या क्षणी ही बाई फार आवडली, आणि आपण हिला हे कधी सांगितलेलं नाही याची लाज वाटली.

"बरं, मग करायचं काय?" काकूने विचारलं. "उत्तर बंद करायचं ते कर. कोणी बेल वाजवून पळायचं आणि मी शेजाऱ्याकडे जाऊन माफी मागायची, रोज, हे काही बरं नाही. शेजाऱ्याला वैताग येणारच. पण खरंच चुकून आलेला असला तर? त्याला काय, नुसतं दार आपटायचं तोंडावर?"

"नाही. हेच तर सांगतेय." सून पुढे सरकली. "कोणाची मेल येते ना, तेव्हा त्यांचा सर्व्हर आधी आपल्या दारात उभा राहतो आणि विचारतो, अमुक नावाचं कोणी आहे का? आपण अजून मेल हातात घेतलेली नसते. तिथल्या तिथे नाही म्हणायचं. चोर असेल तर तो तसाच जातो, ज्याचं नाव चोरलं त्याला काही कळतही नाही. आणि खरा माणूस असेल तर त्याचाच सर्व्हर त्याला जाऊन सांगतो, की बाबा, नाही म्हणाले. आपल्याला कोणाला काही लिहावंच लागत नाही."

"आणि हे नाही कसं म्हणतो तुझा डबा?"

"एक ओळ असते. आता तिथे मशीनची भाषा आहे. ती बदलता येते."

काकूचे डोळे बारीक झाले. "किती मोठी?"

"ओळ म्हणजे ओळच, आई. एकच."

काकूने डबी उघडली आणि चष्मा लावला.

त्या दुपारी कारखान्यात फार मोठं लेखन झालं. पहिला मसुदा 'आपण इतक्या लांबून आलात' असा सुरू होऊन पानभर चालला. सून म्हणाली, ही ओळ आहे, लग्नपत्रिका नाही. दुसऱ्यात घरच्यांची चौकशी होती, ती रडतखडत काढली. तिसऱ्यात क्षमा, दिलगिरी आणि वाईट वाटणं, तिन्ही होतं. "एकच ठेवा," सून म्हणाली. "मग एकही नको," काकू म्हणाली, "माफी मागण्यासारखं आपण काय केलंय?" चौथा मसुदा कारागिरांना वाचून दाखवला, त्यांनी माना डोलावल्या, म्हणून तो काकूने रद्द केला. शेवटी दिवे लागायच्या सुमाराला तिने कागद सुनेपुढे सरकवला.

'या नावाचं इथे कोणी नाही. वाद्य घेऊन या, काकू खिडकीपाशी बसलेली असते.'

सुनेने ओळ वाचली. मग तिने डब्याचं आपणहून जाणारं उत्तर बंद केलं, कारखान्यात खरोखर असलेल्या चार माणसांची नावं ठेवली, बाकी साऱ्या जगाला दारातच ही ओळ ऐकवायची व्यवस्था केली, आणि भावाला फोन लावला. "दादा, आमच्याकडे भोपळा नावाच्या माणसाला मेल कर."

"तुमच्याकडे तो आहे, मी लग्नात पाहिलाय," दादा म्हणाला, पण त्याने मेल केली. लगेच त्याचा फोन आला. "हाकललं मला. पण असं हाकललं की येऊनच जावंसं वाटतंय."

"त्या पाववाल्याला मी लिहू ना?" निघताना काकूने हळूच विचारलं.

"त्याला लिहा. त्याने स्वतः लिहिलंय तुम्हाला. रागावलेल्याला नको."

"त्यालाही एकदाच..."

"आई!"

त्या रात्री जेवताना सुनेने नवऱ्याला सगळं सांगितलं. कळ कोणी दाबली तेही सांगितलं. तो ऐकत राहिला, मध्येच एकदा फसकन हसला, मग गंभीर झाला. "म्हणजे आता मेल पोचेल?"

"यादीवाल्यांना कळवलंय. या वेळी नाव पुन्हा लागणार नाही. पण ते काढतील त्यांच्या सवडीने."

"मशीन परवा येतंय," तो म्हणाला, आणि भाताकडे बघत जेवू लागला.

परवा आलंच ते. सकाळी दारात गाडी उभी राहिली आणि दोन हमालांनी लाकडी खोक्यातलं ते धूड उतरवून उंबऱ्यावर टेकवलं. सुनेने सकाळपासून यादी पुन्हा पुन्हा पाहिली होती. नाव अजून तिथेच होतं. काकूनेही पाहिलं असावं, कारण टेबल आधीच रिकामं झालं होतं. शाल घडी करून मांडीवर, तांब्या खाली, चष्म्याची डबी हातात. ती शांतपणे खुर्चीवर बसून होती, गाडीची वाट बघणाऱ्या प्रवाशासारखी. नवऱ्याला तिच्याकडे बघवत नव्हतं.

"कुठे ठेवायचं, मालक?" हमालाने विचारलं.

नवऱ्याने तोंड उघडलं, आणि तेवढ्यात खोक्याला वळसा घालून, पोटाशी एक भलंमोठं पितळी वाद्य कवटाळून, एक बाई धापा टाकत आत आल्या. मागे दारात शाळेची बस दिसत होती, आणि तिच्या काचांतून नुसत्या वाद्यांच्या पेट्या दिसत होत्या.

"काकू कुठे बसतात?" बाईंनी विचारलं.

जाग्या असलेल्या आणि पेंगुळलेल्या सगळ्या कारागिरांनी एकदम खिडकीकडे बोट केलं.

"अगंबाई, तुम्ही होय!" बँडच्या बाई तिकडे वळल्या. "मी आपली उस्तादांना मेलवर मेल करतेय. उत्तर नाही म्हटल्यावर वाटलं, गेल्या वर्षी मी घाई केली म्हणून रागावले असतील. दुसरीकडे देणारच होते सगळं. काल म्हटलं, शेवटचं लिहून बघू, तर आमच्या शाळेच्या मेलने मलाच सांगितलं की या नावाचं तिथे कोणी नाही, वाद्य घेऊन या, काकू खिडकीपाशी बसलेली असते. असं कधी कुठली मेल बोलते का? म्हटलं, जाऊनच येते."

नवऱ्याने सुनेकडे पाहिलं. "पण नाव यादीत असताना आपली मेल तर शाळेत घेतच नाहीत ना?"

"आपली मेल नाही घेत, म्हणून तर आईंचं ते उत्तर त्यांना पोचलं नाही," सून म्हणाली. "ही आपली मेल नाही. आपण फक्त दारात नाही म्हटलं. निरोप त्यांचा त्यांनीच नेला."

"मालक, कुठे ठेवायचं? वाट अडलीय," हमाल म्हणाला.

नवरा मशीनकडे बघत राहिला, मग बाईंच्या हातातल्या वाद्याकडे, मग आईकडे. आई खिडकीबाहेर बघत होती, चष्म्याच्या डबीवर तिची बोटं घट्ट मिटलेली होती.

"मागे न्या," तो म्हणाला. "माझ्या बाकाशेजारी. माझा बाक जरा सरकवा."

"तिथे तुला उजेड येणार नाही, बाळ्या," काकू म्हणाली, त्याच्याकडे न बघता.

"दिवा लावीन की." तो बाकाकडे वळला. "आणि तू त्यांना बसायला सांग. किती वेळ उभ्या आहेत त्या."

काकूने डबी उघडली, चष्मा लावला, शाल खुर्चीच्या पाठीवर टाकली आणि समोरच्या स्टुलाकडे हात केला. "बसा," ती बाईंना म्हणाली. "घरी सगळे बरे आहेत ना? आता सांगा, काय बिघडलंय."